जाळून न पाहिलेल्या मेणबत्त्या

ग्लासात ओतलेल्या मेणबत्तीच्या निम्म्या चुका ग्लास पोटात घालतो. वात जरा जाड झाली, मेण मऊ निघालं, मधोमध खड्डा पडला, तरी सगळं काचेच्या आत राहतं. साच्यातून काढलेल्या मेणबत्तीला ही सोय नाही. ती बशीत एकटी उभी राहते आणि वितळलेलं मेण तिला स्वतःच्याच भिंतींत धरून ठेवावं लागतं. भिंत फुटली की मेण टेबलावर. एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला मला फार वेळ लागला, आणि तोवर मी अशा मेणबत्त्या लोकांना पैसे घेऊन विकत होते.

मी पुण्यात घरीच सोया मेणाच्या मेणबत्त्या करते. सुरुवात ग्लासातल्या मेणबत्त्यांनी झाली. त्या बऱ्या जमत होत्या, ओळखीपाळखीत खपतही होत्या. मग मागणी बदलली. लोकांना साच्यातल्या हव्या झाल्या. गोल फुगे एकावर एक रचलेली चौकोनी ‘बबल’ मेणबत्ती, गुलाबाचा गुच्छ, कमळ, जाडजूड उभा पिलर. बारशाला, डोहाळजेवणाला, दिवाळीत द्यायला या छान पडतात आणि फोटोत उठून दिसतात. मी सिलिकॉनचे साचे मागवले आणि ग्लासांसाठी आणून ठेवलेलं मेणच त्यांत ओतलं.

सोया मेण नावाची एकच वस्तू नसते. ग्लासासाठीचं मेण मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. ते काचेला धरून बसावं, सुटू नये, हाच त्याचा गुण. साधारण ४५ ते ५० अंश सेल्सिअसला ते वितळतं. साच्यासाठीचं मेण कडक असतं, ५५ च्या आसपास वितळतं आणि थंड होताना आकसून साच्याची भिंत सोडतं. पाकिटावर ‘कंटेनर’ आणि ‘पिलर’ असं स्पष्ट छापलेलं असतं. मी ते वाचलंही होतं. पण हा फरक विकणाऱ्यांनी भाव वेगळा लावायला केला असेल असं धरून चालले. गुलाबाच्या पाकळ्यांची टोकं साच्यातच राहिली. पिलरच्या अंगावर बोटांचे ठसे उठले. आणि एप्रिलमध्ये पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेली मेणबत्ती न पेटवताच एका बाजूला झुकली.

मेण सुटत नाही म्हटल्यावर मी साचे फ्रीजरमध्ये ठेवायला लागले. गोठलं की सुटतं, हे खरं. पण बाहेरचा थर झटकन आकसतो आणि आतला गाभा अजून कोमट असतो. असाच एक मोतिया रंगाचा पिलर साच्यातून अगदी धड निघाला. ओट्यावर ठेवला आणि टिक् असा बारीक आवाज आला. वरच्या कडेपासून वातीपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. मी तिच्यावर हीट गन फिरवली, वरचं मेण वितळून रेघ बुजली, आणि तो पिलर मी डब्यात भरून दिला. बुजलेली रेघ आतून तशीच असते. ज्योत तिथवर उतरली की ती उघडते आणि ज्योतीखालच्या वाटीतलं पातळ मेण तिच्यातून बाहेर धावतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण भेगाळलेला माल आपण धड म्हणून देतो आहोत, एवढं माहीत होतं.

माझं माहेर लातूरजवळ, औशाच्या बाजूला. घरच्या रानात खरिपाला सोयाबीन असतं. बाबा पुण्याला आले होते तेव्हा त्यांनी मेणाच्या पांढऱ्या पापड्या हातात घेऊन चुरून पाहिल्या.

“ह्ये आपल्या सोयाबीनचं व्हय?”

मी त्यांना सांगितलं, सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळवतात, निकेलच्या संगतीत, की पातळ तेल घट्ट होतं. वनस्पती तूप करतात तीच ही रीत, फक्त इथे तेल आणखी घट्ट करतात. मायकेल रिचर्ड्स नावाच्या माणसाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या आयोवात हे मेण पुढे आणलं. मधमाशीचं मेण महाग पडतं आणि पॅराफिन खनिज तेलातून येतं, म्हणून तो पर्याय शोधत होता, आणि आयोवा तर सोयाबीनचंच राज्य. बाबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, एका मेणबत्तीला दाणा किती लागतो? सोयाबीनमध्ये तेल शेकडा अठरा-वीस. म्हणजे पाव किलोच्या मेणबत्तीमागे सव्वा ते दीड किलो दाणा. “आन् इकतीस कितीला?” मी किंमत सांगितली. ते काही बोलले नाहीत. शेजारी लेबलांची चळत होती, त्यातलं एक उचलून त्यांनी चष्मा लावून वाचलं. ‘आपल्या मातीतलं शुद्ध सोया.’ मग मेणाच्या पोत्यावरचं परदेशी कंपनीचं नाव वाचलं.

“ही आपली माती न्हाई की, बाई.”

एवढंच म्हणाले. ते लेबल मी रात्री फाडून टाकलं असं लिहायला मला आवडलं असतं. मी छापलेली सगळी संपवली. छपाईचे पैसे दिले होते ना. बाबांचं सोयाबीन लातूरच्या आडतीत जातं तेव्हा ओलावा मोजला जातो, मातेरं पाहिलं जातं, जास्त भरलं की भाव पडतो. त्यांच्या घामाचा माल दुसरा माणूस आधी तपासतो. माझा माल तपासणारं कोणी नव्हतं, आणि मीही ते काम केलं नाही.

पुढे पिलरचं मेण आणलं. पण घाई तीच. मेण वितळवायची रीत अशी, मोठ्या पातेल्यात पाणी ठेवायचं, त्यात मेणाचं भांडं. याला वेळ लागतो. ऑर्डर जास्त होती म्हणून मी भांडं थेट गॅसवर ठेवलं. पाणी शंभर अंशांना उकळतं आणि तिथेच थांबतं, मेण थांबत नाही. ते उकळत नाही, बुडबुडे काढत नाही, काही सांगत नाही, नुसतं तापत जातं. दाराची बेल वाजली. पार्सल घेऊन माणूस आला होता, सही करायची होती, सुट्टे पैसे शोधायचे होते. परत आले तर स्वयंपाकघरात छतापर्यंत पांढरा धूर आणि घशात उतरणारा करपट वास. मी गॅस बंद केला, भांड्यावर झाकण टाकलं आणि मुलाला ओरडून बाहेर जायला सांगितलं. आग लागली नव्हती. लागली असती तर मी हात पुढे करून नळाचंच पाणी मारलं असतं, कारण दुसरं काही मला माहीत नव्हतं. पेटलेल्या मेणावर पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण घरभर उडतं. झाकण टाकून हवा तोडायची, हा खरा उपाय असतो. त्या दिवशी तो हातून घडला तो नशिबाने.

ते मेण पिवळट पडलं होतं, करपट वास त्यात मुरला होता. मी त्यात गडद तपकिरी रंग आणि कॉफीचा सुगंध घालून ते विकलं.

आता माझ्याकडे थर्मामीटर आहे आणि तो वापरल्याशिवाय मी काही ओतत नाही. माझ्या मेणाला ७५ ते ८० अंशांपर्यंत तापवणं पुरतं. सुगंध घालून सावकाश ढवळायचं, आणि साच्यात ओतताना ६० ते ६५. दुसऱ्या मेणाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. ६० पेक्षा थंड ओतलं की अंगावर आडव्या रेघा पडतात, बबलच्या फुग्यांत मेण पोचत नाही. गरम ओतलं की हवेचे फोड येतात आणि आतली पोकळी मोठी होते.

या पोकळीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण पुढच्या प्रकारात तिचाही हात होता. जाड मेणबत्ती बाहेरून आत थिजते. कडा घट्ट होतात, वरती साय धरते, आणि मधलं मेण पातळच असतं. ते शेवटी थिजतं तेव्हा आकसतं, पण वरून भर घालायला कोणी नसतं. मग ते वातीभोवती आतल्या आत जागा सोडतं. कधी वर खड्डा दिसतो, कधी काहीच दिसत नाही. जुने कारागीर वरची साय धरली की वातीच्या आजूबाजूला सळईने भोकं पाडतात आणि पहिल्यापेक्षा थोडं गरम मेण पुन्हा ओततात. यात अवघड काही नाही, पण ओतल्यावर तास-दीड तास पुन्हा पुन्हा येऊन पाहावं लागतं. मी पाहत नसे. साच्यात मेणबत्ती उलटी ओतली जाते, म्हणजे खड्डा पडतो तो तिच्या बुडाला. मी गरम तव्यावर बूड घासून सपाट करायची. मेणबत्ती डुगडुगत नसे, बूड आरशासारखं चकचकीत दिसे, आणि आत अंगठाभर पोकळी तशीच.

सुगंधाचं आणि रंगाचं थोडक्यात सांगते. अगरबत्तीसाठी मिळणारा मोगरा स्वस्त होता म्हणून तो घातला. त्यात जे पातळ करायचं द्रव्य असतं ते मेणात विरघळलंच नाही, थेंब थेंब होऊन तळाशी बसलं आणि मेणबत्ती घाम आल्यासारखी ओलसर झाली. वास कमी येतो म्हणून प्रमाण वाढवलं, शंभर ग्रॅमला दहा-बारा ग्रॅमपर्यंत. पिलरला इतकं झेपत नाही, भिंत मऊ पडते. आता मी पाचाच्या वर जात नाही. रंगासाठी मुलाचे मेणाचे खडू किसून घातले. खडूतला रंग विरघळत नाही, बारीक कण होऊन वातीच्या धाग्यांत अडकतो आणि वात गुदमरते. सोया मेणबत्ती ओतल्यावर तिला निदान आठवडाभर, शक्यतो दोन, तसंच ठेवावं लागतं. तेवढ्यात ती कडक होते आणि सुगंध मुरतो. मी दुसऱ्या दिवशी पार्सल करत असे.

आता वात. मेणबत्ती करणं म्हणजे मेणाचं काम अशी माझी समजूत होती. ते वातीचं काम आहे. सोया मेण पॅराफिनपेक्षा दाट, म्हणून ग्लासात त्याला जाड वात लागते आणि मी ती आणून ठेवली होती, खाली पत्र्याची चकती लावलेली. तीच साच्यात घातली. ग्लासात मेण काठापर्यंत वितळायला हवं असतं. पिलरमध्ये नेमकं उलट. काठापासून पाच-सात मिलिमीटर मेण घट्ट राहिलंच पाहिजे, तीच तिची भिंत. तिथे बारीक, चौकोनी विणीची सुती वात लागते, आणि ती मधोमध, ताणलेली हवी. साच्याच्या भोकातून वात ओवली की भोक बुजवायची लांबी मिळते. मी कणकेचा गोळा दाबायची. गरम मेणाने तो सुटायचा, मेण ओट्यावर यायचं, वात सैल पडून एका अंगाला जायची. ज्या अंगाला वात गेली त्या अंगाची भिंत पातळ.

एका वर्षी लक्ष्मीपूजनाला समोरच्या विंगमधल्या काकूंनी माझ्याकडून बबल मेणबत्त्यांची जोडी घेतली होती. चौरंगाच्या दोन बाजूंना लावली. आरती आटोपून सगळे जेवायला बसले. पाडव्याला सकाळीच काकू एक ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या. ताटात मेणबत्तीचा अर्धा राहिलेला तुकडा होता, एक कोपरा पूर्ण फुटलेला, आणि त्याला चिकटलेलं चौरंगावरच्या लाल वस्त्राचं टोक. ते टोक काळं झालं होतं. मेण फुग्याफुग्यांमधल्या खाचेतून बाहेर पडलं, वात आडवी होऊन त्या थारोळ्यात पडली आणि तिथेच जळत राहिली. त्यांची सून पाणी घ्यायला उठली म्हणून तिला दिसलं.

“अगं, वस्त्राचं काही नाही, पण नातू तिथेच खेळत होता.”

मी म्हणाले, “काकू, वारं लागलं असेल. वाऱ्याने असं होतं कधीकधी.”

“दारं बंद होती गं. फटाक्यांचा धूर येतो म्हणून आम्ही संध्याकाळपासून सगळं लावूनच घेतलं होतं.”

मी सॉरी म्हणाले. आणि त्यांना तशीच दुसरी जोडी दिली, त्याच घाण्यातली, त्याच साच्यातली.

माझी सगळ्यात मोठी चूक ही. मेण, वात, पोकळी हे अज्ञान होतं, ते माफ होईल. ती दुसरी जोडी देताना माझं अज्ञान संपलेलं होतं. फुटलेली मेणबत्ती माझ्या हातात होती, तिच्यातली पोकळी मला उघड दिसत होती. पण सणाची सकाळ, दारात उभी असलेली वडीलधारी बाई, आणि ‘माझ्या मालात खोट आहे’ हे तोंडाने म्हणावं लागेल ही भीती. त्या भीतीपायी मी पुन्हा तोच धोका त्यांच्या घरात धाडला.

त्या दुपारी मी माझी मेणबत्ती पहिल्यांदा शेवटपर्यंत जळताना पाहिली. तोवर मी त्या पेटवत असे त्या फोटोपुरत्या. पहिला अर्धा तास सगळं सुंदर चाललं. मग ज्योत उंच झाली, टोकाशी काळी रेघ धरू लागली. मेणाची वाटी रुंदावत गेली आणि वरच्या फुग्यांच्या पोटापर्यंत पोचली. फुगा जिथे बाहेर येतो तिथे भिंत जाड, दोन फुग्यांच्या मध्ये जिथे खाच आहे तिथे अगदी पातळ. वाटीची कड त्या खाचेशी आली आणि मेण एका धारेत बाहेर पडलं. वाटी रिकामी झाल्यावर वात उघडी पडली, ज्योत दुप्पट झाली, आणखी मेण वितळलं, समोरची खाच फुटली. मग ज्योत पोकळीला लागली आणि वात आतल्या आत कोसळली. मी बशीत वाळू घालून बसले होते म्हणून निभावलं. लगेच उठून काकूंकडे गेले आणि ती जोडी परत आणली. काय झालं तेही सांगितलं, वाऱ्याचं खोटं होतं हेही सांगितलं. काकू बराच वेळ गप्प बसल्या. नंतर म्हणाल्या, “सकाळीच सांगायचंस.” त्यांनी माझ्याकडून पुन्हा मेणबत्ती घेतलेली नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

मेणबत्ती कशी जळते हे सगळं शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लहान मुलांना समजावून सांगितलं होतं. मेणबत्ती या एका विषयावर सहा व्याख्यानं. त्यांनी सांगितलं की ज्योतीमुळे हवा खालून वर चढते, ती मेणबत्तीच्या कडेला गारवा देत जाते, त्यामुळे कड उंच राहते आणि मधे वाटी तयार होते. वाटी नीट राहायची तर कड सगळीकडून सारखी हवी. मग त्यांनी मुलांना अंगावर सुबक पन्हळी असलेल्या नक्षीदार मेणबत्त्या दाखवल्या आणि त्या दिसायला कितीही देखण्या असल्या तरी जळायला वाईट, कारण त्यांची कड सारखी नाही, हे पटवून दिलं. वस्तूचं खरं सौंदर्य ती काम कसं करते त्यात असतं, असा त्यांचा रोख होता. मी हे काकूंच्या प्रकारानंतर वाचलं. माझे साचे मी ज्या गोष्टीसाठी निवडले होते, नेमक्या त्याच गोष्टीला फॅरडे दोष म्हणत होते. वातीचंही तसंच. वळलेल्या सुती वातीऐवजी विणलेली वात १८२५ च्या सुमाराला फ्रान्समध्ये कँबासेरेस यांनी आणली. विणलेली वात जळताना टोकाशी वाकते, ज्योतीच्या गरम कडेत जाते आणि स्वतःच जळून आखूड होत राहते. त्याआधी वात कातरीने सारखी छाटावी लागे. इतका विचार दोनशे वर्षांपूर्वी झालेला, आणि मी वातीचा नंबरसुद्धा पाहत नव्हते.

नक्षीदार मेणबत्ती करूच नये असं माझं म्हणणं नाही. सप्टेंबरमध्ये वांद्र्याच्या मोत माऊलीच्या जत्रेत टेकडीवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. दुखणं बरं व्हावं, घर व्हावं, मूल व्हावं म्हणून लोक ती नवसापोटी माऊलीला अर्पण करतात. तिथे आकारच सगळं सांगतो. पायाच्या आकाराला किती तास जळतो हा प्रश्न लागू नाही. मी मात्र आकार विकत होते आणि वात लावून देत होते. वात लावली की ती जळणारी वस्तू झाली, आणि ती दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या मुलांच्या शेजारी जळणार. गुलाबाचा गुच्छ मी आजही करते. वातीशिवाय. कपाटात, दिवाणखान्यात सुगंधासाठी ठेवायचा, पेटवायचा नाही, असं तोंडी सांगून आणि लिहून देते. बबलचे साचे मी माळ्यावर टाकले. त्याच काळात त्यांना सगळ्यात जास्त मागणी होती आणि घरात त्यावरून बोलणीही खावी लागली.

लेबलांचा हिशेब अजून राहिला आहे. मेण कडक व्हावं म्हणून मी त्यात आधी स्टिअरिक ॲसिड घालू लागले, शेकडा पाच-सात. त्यात वावगं काही नाही, सोयाबीनच्या तेलाचं मेण होतं तेव्हा त्यातही बरंचसं तेच बांधलेल्या रूपात असतं. पण तेवढ्याने भागेना तेव्हा सरळ पॅराफिन मिसळलं, जवळजवळ चौथा हिस्सा. साचा सुरेख सुटायला लागला, चकाकी आली. लेबलवर मात्र ‘१०० टक्के सोया’ कायम. पॅराफिन घालणं हा गुन्हा नाही, कित्येक चांगले कारागीर दोन्ही मिसळतात आणि तसं सांगतात. मी सांगितलं नाही. शिवाय सोया मेणाची काजळी धरत नाही असं प्रत्येकीला ठासून सांगायची. हे खरं नाही. वात जास्त जाड असेल, लांब राहिली असेल किंवा ज्योत हलत असेल, तर कुठलंही मेण काजळी धरतं. माझ्याच देवघराच्या भिंतीवर सोया मेणाची काजळी होती आणि मी ती उदबत्तीवर ढकलत होते.

एका गिऱ्हाईक ताईंनी फोन करून सांगितलं की मेणबत्तीवर पांढरी बुरशी आली आहे. मी म्हणाले, पावसाळ्याची हवा. ती बुरशी नव्हतीच. सोया मेणातले स्निग्ध कण हळूहळू आपली ठेवण बदलतात आणि पृष्ठभागावर बारीक स्फटिक उगवतात. चॉकलेट जुनं झालं की त्यावर पांढुरका थर येतो तोही असाच. वाईट काही नसतं, जळण्यावर परिणाम नाही. हवेतला ओलावा हे त्याचं कारण नाही, थंड-गरम होत राहणं हे आहे. पण लोकांना तो डाग वाटतो म्हणून मी हेअर ड्रायर फिरवून तो घालवायची, दोन आठवड्यांनी तो परत यायचा आणि दोष पावसावर जायचा. खरं सांगितलं असतं तर ताईंना सोयाची ओळख तरी झाली असती. पांढरा थर येणं हा सोया मेणाचा स्वभावच आहे, हे मी आता कौतुकाने सांगते आणि गडद रंग टाळते, कारण गडद रंगावर तो जास्त दिसतो.

हल्लीच्या लेबलवर मेणात काय काय आहे ते लिहिलेलं असतं, पॅराफिन असेल तर पॅराफिन. ‘आपल्या मातीतलं’ हे शब्द नाहीत. खाली लहान अक्षरांत नव्हे, मोठ्यातच लिहिलेलं असतं की वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून छाटा, खाली कडेची बशी ठेवा, एका वेळी तीन तासांच्या वर जाळू नका, आणि खोलीत कोणी नसेल तर विझवा. यामुळे भेटवस्तू जरा कमी शोभिवंत दिसते अशी तक्रार एकीने केली. असू दे.

प्रत्येक नव्या घाण्यातली, प्रत्येक आकाराची एक मेणबत्ती मी उभी कापून पाहते, पोकळी आहे का. आणि एक पूर्ण जाळते. त्यासाठी जुनी आडव्या रेघांची वही आहे. किती वाजता पेटवली, वाटी किती रुंद झाली, भिंत किती उरली, ज्योत किती उंच, काजळी आहे का, किती वाजता विझवली. गार झाल्यावर पुन्हा पेटवायची, पुन्हा लिहायचं, बुडाला येईपर्यंत. यात मेण जातं, वेळ जातो, आणि जाळलेल्या मेणबत्तीचे पैसे कोणी देत नाही. किंमत त्यामुळे वाढली आहे आणि काही गिऱ्हाइकं गेली आहेत. मे महिन्यात मराठवाड्यात, विदर्भात पार्सल पाठवणं बंद केलं आहे. चाळिशीच्या पुढे गेलेल्या उन्हात तापलेल्या गाडीत खोक्याच्या आत काय होतं ते मी पाहिलं आहे.

सध्या वहीत ७५ मिलिमीटर व्यासाचा, अंगाने साधा, मोगऱ्याचा पिलर चालू आहे. पहिल्या तीन तासांत त्याची वाटी छान धरते, भिंत सगळीकडून सारखी राहते. दुसऱ्यांदा पेटवल्यावर मात्र दोन तास होतात न होतात तोच खिडकीकडची भिंत पातळ पडते. वात मधोमधच आहे, कापून पाहिली, पोकळीही नाही. जागा बदलून, खिडकीपासून लांब ठेवून जाळला तरी तीच बाजू जाते. म्हणजे वारं नव्हे. वात एक नंबर उतरवून काल पुन्हा ओतला आहे आणि सुगंध शेकडा पाचावरून चारावर आणला आहे. दिवाळीसाठी याच पिलरची मागणी आली आहे, ती मी अजून घेतलेली नाही.